फिरत्या घरासाठी सूर्याची वीज

मोटारीला जोडून ओढत न्यावयाच्या छोट्या ट्रेलरवर सौर विजेची सोय करावी असे ज्याच्या मनात येते, तो दुकानात गेल्यावर बहुधा छतासंबंधीच पहिला प्रश्न विचारतो. या छतावर किती वॅटचे पॅनेल बसेल? दुकानदारही छत मोजतो, एक आकडा सांगतो, त्याला साजेशी बॅटरी दाखवतो आणि व्यवहार पुरा होतो. पुढे एखाद्या पहाटे आतला फ्रिज थंडगार असावयाचा तो कोमट लागला, म्हणजे मग हिशेबाला आरंभ होतो. वास्तविक हा हिशेब खरेदीच्या आधी करावयाचा असतो, आणि त्याची सुरुवात सूर्यास्तापासून करावयाची असते. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी तो पुरेसा वर येईपर्यंत या फिरत्या घरात काय काय चालू राहिले पाहिजे, हे एकदा ठरले की बॅटरी ठरते. बॅटरी ठरली की पॅनेल ठरते. आणि उरलेले सारे, म्हणजे नियंत्रक, तारा, फ्यूज, हे त्या दोहोंच्या मागून येते.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण एक उदाहरण घेऊ. नुकतेच सेवानिवृत्त झालेले एक जोडपे आहे. त्यांचा ट्रेलर सुमारे साडेतीन मीटर लांबीचा, दोघांना झोपता येईल आणि एका कोपऱ्यात स्वयंपाक करता येईल एवढाच. डिसेंबरात कच्छच्या रणाकाठी धोलावीरा येथे आठवडाभर राहावे आणि जून महिन्यात लडाखला जावे, असा त्यांचा बेत आहे. दोघांपैकी एकास मधुमेह असून इन्सुलिन घ्यावे लागते. न उघडलेल्या इन्सुलिनच्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. फार उष्णतेने त्यांचा गुण कमी होतो, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन तर टाकूनच द्यावे लागते. ज्या गावी औषधाचे दुकान शंभर किलोमीटरवर आहे तेथे फ्रिज ही चैनीची वस्तू राहत नाही. आपल्या उदाहरणात सारी योजना या एका पेटीभोवती फिरते, आणि ते एका दृष्टीने बरेच आहे. कारण कोणत्या गोष्टीसाठी वीज राखून ठेवावयाची हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणत्या गोष्टीला नकार द्यावयाचा हेही कळते.

विजेचा खर्च मोजण्याचे एकक वॅट-तास हे आहे. पाच वॅटचा दिवा चार तास जळला तर वीस वॅट-तास वीज खर्च झाली. घरच्या वीजबिलातील एक युनिट म्हणजे असे एक हजार वॅट-तास. आता आपल्या जोडप्याच्या एका दिवसाचा हिशेब मांडू. १२ व्होल्टवर चालणारा, पस्तीस-चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज चालू असताना सुमारे ४५ वॅट घेतो, परंतु तो अखंड चालत नाही. थंडीच्या दिवसांत तो दिवसाचा एक-तृतीयांश वेळ चालेल. कच्छमधील मे महिन्यात निम्म्याहून अधिक वेळ चालेल. सरासरी ४०० वॅट-तास धरू. १५ वॅटचा छोटा पंखा रात्रभर, म्हणजे आठ तास, चालला तर १२० वॅट-तास. पाच वॅटचे तीन दिवे चार तास जळले तर ६०. दोन मोबाइल फोन व एक कॅमेरा यांना मिळून ४०, लॅपटॉपला ६०, आणि पाणी चढवणारा ६० वॅटचा पंप दिवसभरात दहा मिनिटे चालला तर १०. एकूण बेरीज ६९० होते. आपण ७०० म्हणू.

या यादीत काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. पाणी उकळण्याची विजेची किटली नाही, इंडक्शनची शेगडी नाही आणि वातानुकूलन यंत्रही नाही. दीड हजार वॅटची किटली एक लिटर पाणी उकळावयास शंभरएक वॅट-तास घेते, आणि हा खर्च वरवर पाहता परवडण्याजोगा वाटतो. अडचण खर्चाची नसून वेगाची आहे. १,५०० वॅटला १२ व्होल्टने भागले तर १२५ अँपिअर येतात, आणि इन्व्हर्टरमधील नासाडी धरली तर १४० अँपिअरच्या आसपास प्रवाह बॅटरीतून ओढला जाईल. छोट्या बॅटऱ्या एवढा प्रवाह देण्यासाठी केलेल्या नसतात, आणि तेवढा प्रवाह वाहून नेणारी तार अंगठ्याएवढी जाड असावी लागते. वातानुकूलन यंत्राची गोष्ट तर याहून सरळ आहे. रात्रभर ते चालवावयाचे तर पाच-सहा हजार वॅट-तास लागतील, म्हणजे आपल्या जोडप्याचा आठवड्याचा खर्च एका रात्रीत संपेल. चहासाठी गॅसची लहान शेगडी आणि उकाड्यासाठी पंखा व दोन समोरासमोरच्या खिडक्या, हाच छोट्या ट्रेलरचा धर्म आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इन्व्हर्टरविषयी येथेच एक सूचना द्यावीशी वाटते. बॅटरीची एकदिश वीज घरगुती २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत बदलणारे हे यंत्र काहीही काम न करता नुसते चालू ठेवले तरी स्वतःसाठी दहा-पंधरा वॅट घेत राहते. पंधरा वॅट चोवीस तास म्हणजे ३६० वॅट-तास. म्हणजे फ्रिजच्या तोडीस तोड दुसरा एक अदृश्य फ्रिजच. म्हणून घरातला लहानसा फ्रिज आणून इन्व्हर्टरवर चालवण्याची काटकसर अखेर महागात पडते. फ्रिज, पंखा, दिवे आणि पंप ही चारही साधने थेट १२ व्होल्टची घ्यावीत. लॅपटॉपसाठी लहान इन्व्हर्टर हवाच असेल तर ठेवावा, पण काम होताच तो बटण दाबून बंद करावा.

आता बॅटरी. आकाश एक दिवस झाकोळलेले राहिले तरी अडू नये एवढा साठा असावा, म्हणजे दीड दिवसाचा, सुमारे १,०५० वॅट-तासांचा. हा साठा ठेवण्याचे दोन मार्ग आज प्रचलित आहेत. पहिला शिसे व आम्ल यांच्या जुन्या बॅटरीचा आणि दुसरा लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीचा.

शिशाची बॅटरी शंभर अँपिअर-तासांची घेतली तर तिच्यात १,२०० वॅट-तास वीज मावते खरी, परंतु त्यातली निम्मीच वापरण्यात शहाणपण आहे. ती वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे आपल्याला २०० अँपिअर-तास घ्यावे लागतील, आणि त्यांचे वजन साठ किलोच्या जवळपास भरेल. पण शिशाच्या बॅटरीचा खरा दोष वजनाहून वेगळा आहे, आणि सौर विजेच्या संदर्भात तो फारसा कोणी सांगत नाही. ही बॅटरी पोटभर जेवल्यावाचून निरोगी राहत नाही. तिच्या पट्टिकांवर विसर्जनाच्या वेळी शिशाच्या सल्फेटचे स्फटिक जमतात. बॅटरी पूर्ण भरली की ते विरघळतात, अर्धवट भरून सोडली की हळूहळू कठीण होत जातात आणि पट्टिकेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय शेवटचा पाचवा हिस्सा भरताना ती प्रवाह फार मंदपणे स्वीकारते. त्याला कित्येक तास लागतात. घरातल्या बॅटरीला भिंतीतली वीज रात्रभर मिळते. ट्रेलरवरच्या बॅटरीला डिसेंबरातला आखूड दिवस मिळतो, आणि ती भरत आली न आली तोच सूर्य कलतो. अनेक प्रवाशांची शिशाची बॅटरी एक-दोन हंगामांतच मरते, आणि दोष पॅनेलला दिला जातो.

आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरसाठी वापरतात ती उभट ट्यूब्युलर बॅटरी ट्रेलरमध्ये बसवण्याचा मोह होतो, कारण ती गावोगावी मिळते आणि स्वस्तही असते. ती कणखर असते यात शंका नाही. मात्र ती एकटीच पन्नास किलोंहून जड भरते, तिच्यातील आम्ल द्रवरूप असते आणि डोंगरी रस्त्यावर ते हिंदकळते. शिवाय भरताना तीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. ज्या खोलीत माणसे दारे लावून झोपतात तेथे अशी बॅटरी उघडी ठेवणे सर्वथा वर्ज्य आहे. ठेवावयाचीच तर बंद पेटीत ठेवून पेटीच्या वरच्या अंगाने नळी ट्रेलरबाहेर काढावी.

लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे १,२८० वॅट-तासांची असते. तिच्यातील ऐंशी-नव्वद टक्के वीज बिनदिक्कत वापरता येते. म्हणजे एकाच बॅटरीत आपली गरज भागते, आणि तिचे वजन बारा-तेरा किलोच असते. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचे बिघडत नाही. किंमत जास्त आहे, पण शिशाची बॅटरी काही शे वेळा भरून-रिकामी होते तेथे ही हजारो वेळा होते. आज नव्याने ट्रेलर सजवणाऱ्याने हीच घ्यावी, असे आम्ही म्हणू. तिच्याही दोन खोडी मात्र ओळखून असाव्यात. पहिली अशी की, शिशाच्या बॅटरीचा दाब पाहून तीत किती वीज उरली याचा अंदाज करता येतो. स्थिर असताना १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१ किंवा १२.२ म्हणजे अर्धी. लिथियमचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून तिच्याबरोबर आत-बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजणारा मापक घ्यावाच लागतो.

दुसरी खोड थंडीची, आणि लडाखला निघालेल्याने ती विशेष ध्यानात ठेवावी. शून्य अंशाखाली ही बॅटरी वीज देऊ शकते, पण घेऊ शकत नाही. गोठणबिंदूखाली ती भरू पाहिली तर लिथियम ऋणाग्राच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातूच्या रूपाने साचते, आणि ही हानी भरून येत नाही. चांगल्या बॅटरीच्या आतील संरक्षक मंडल अशा वेळी भरणे आपोआप थांबवते. स्वस्त बॅटरीत ही सोय असेलच असे नाही, म्हणून विकत घेतानाच विचारून घ्यावे. जूनमध्ये लेहला हा प्रश्न सहसा येत नाही. पण सप्टेंबर संपताना पँगाँग सरोवराकाठी, सुमारे ४,२०० मीटर उंचीवर, पहाटे पाणी गोठते आणि थोड्याच वेळात लख्ख ऊन पॅनेलवर येते. नेमके तेव्हाच नुकसान व्हावयाचे. उपाय अगदी घरगुती आहे. बॅटरी ट्रेलरच्या बाहेर जोखडावरील पेटीत न ठेवता आत, पलंगाखाली ठेवावी. झोपलेल्या दोन माणसांच्या उबेत ती गोठणबिंदूच्या वर राहते.

आता आकाशाकडे वळू. पॅनेलवर २५० वॅट असे लिहिलेले असते ते प्रयोगशाळेतील परिस्थितीचे असते: दर चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन आणि घटांचे तापमान २५ अंश. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीवर पोचणारे ऊन साधारण एवढेच असते, पण सकाळी व संध्याकाळी ते पुष्कळच कमी. म्हणून दिवसभराचे सारे ऊन भर दुपारच्या किती तासांबरोबर आहे असे मोजण्याची रीत आहे. आडव्या पृष्ठभागावर असे पूर्ण उन्हाचे तास कच्छमध्ये डिसेंबरात सुमारे चार, मे महिन्यात सुमारे सात, आणि जूनमध्ये लेहला साडेसहा-सात भरतात. कोकणात किंवा केरळात जुलैमध्ये ते तीन-साडेतीनवर येतात, आणि झडीच्या दिवशी एक तासही मिळणे कठीण. लेहचा आकडा वाचून काहींना नवल वाटेल. तेथे थंडी असते, ऊन उणे नसते. उंचीवर हवा विरळ व कोरडी असल्याने ते अधिकच प्रखर पोचते.

पॅनेलमधून निघालेली सगळी वीज बॅटरीतून परत मिळत नाही. उष्णता, धूळ, तारा, नियंत्रक आणि स्वतः बॅटरी, प्रत्येकजण आपला वाटा घेतो, आणि हाती सत्तर टक्के उरतात असे धरणे सुरक्षित आहे. आपल्या ७०० वॅट-तासांना कच्छच्या चार तासांनी आणि ०.७ ने भागले तर बरोबर २५० वॅट येतात. हेच पॅनेल लडाखात जूनमध्ये दिवसाला अकराशेहून अधिक वॅट-तास देईल, आणि तेथे फ्रिजही कमी चालेल. कोकणातल्या झडीत मात्र ते पावणेदोनशे देईल, म्हणजे गरजेचा चौथा हिस्सा. पावसाळी कोकणासाठी पॅनेल वाढवत जाणे व्यर्थ आहे. हजार वॅट छतावर कोठून मावणार? तेथे दुसरा मार्ग शोधावा लागतो, आणि तो मोटारीच्या इंजिनात आहे. इंजिनावर चालणाऱ्या अल्टरनेटरची वीज ट्रेलरच्या बॅटरीकडे नेणारा २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला तर दोन तासांच्या प्रवासात पाचशे वॅट-तास जमा होतात. रोज मुक्काम हलवणाऱ्याला एवढ्यानेच बरेचसे भागते. पॅनेलची खरी गरज एका जागी चार-चार दिवस राहणाऱ्याला असते.

सिलिकॉनच्या घटांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी सिद्ध केलेला घट उन्हाचे सहा टक्के विजेत रूपांतरित करीत असे. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये असा घट तयार केला. आज बाजारात मिळणारे पॅनेल वीस-बावीस टक्क्यांपर्यंत पोचले आहे, आणि ट्रेलरच्या दृष्टीने या प्रगतीचा अर्थ एवढाच की २५० वॅटसाठी सव्वा चौरस मीटर जागा पुरते. छोट्या छतावर हवा जाण्याचा झरोका सोडूनही ती सापडते.

छतावरचे पॅनेल आडवे असते, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असतो. हे नुकसान किती, ते काढणे सोपे आहे. धोलावीरा जवळजवळ कर्कवृत्तावर आहे. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही तेथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंश वर असतो, आणि आडव्या पॅनेलवर थेट उन्हाचा ६८ टक्के भाग पडतो. लेहला त्या दिवशी सूर्य जेमतेम ३२ अंश वर येतो आणि भाग ५४ टक्क्यांवर उतरतो. उलट लेहलाच जूनमध्ये सूर्य ७९ अंशांवर चढतो, तेव्हा आडवे पॅनेल आणि कलते पॅनेल यांत भेद उरत नाही. म्हणून उन्हाळी प्रवास करणाऱ्याने पॅनेल उचलण्याच्या बिजागऱ्या वगैरेंच्या खटाटोपात पडू नये. हिवाळ्यात फिरणाऱ्याला आम्ही वेगळा सल्ला देऊ. २५० वॅटपैकी १५० वॅट छतावर पक्के बसवावेत आणि १०० वॅटचे सुटे, घडीचे पॅनेल लांब तारेनिशी बरोबर घ्यावे. माणसाला झाडाची सावली हवी असते आणि पॅनेलला ऊन. सुट्या पॅनेलने दोघांचेही समाधान होते, आणि ते सूर्याच्या दिशेने हवे तसे कलवताही येते.

सावलीचा परिणाम तिच्या आकारमानाहून फार मोठा होतो. पॅनेलमधील घट एका माळेत जोडलेले असतात, आणि माळेतील सर्वांत दुबळा घट साऱ्या माळेचा प्रवाह ठरवतो. एका घटावर पिंपळाचे पान पडले तर त्या माळेची वीज तुटते. जोडीला बसवलेल्या डायोडमुळे निदान उरलेला अर्धा भाग चालू राहतो. छतावरील झरोक्याची, पंख्याच्या झाकणाची किंवा सामान बांधण्याच्या दांडीची सावली दिवसभरात कोठे कोठे फिरते ते आधी एक दिवस खडूने आखून पाहावे आणि मगच भोके पाडावीत. कच्छमध्ये मिठाची धूळ रोज पुसावी लागेल. तिथल्या खाऱ्या हवेने तारांची टोके हिरवी पडतात, तीही पाहत जावे.

पॅनेल छताला चिकटवू नये, खाली तीन-चार सेंटीमीटर पोकळी ठेवावी. उन्हात त्याचे तापमान हवेहून पंचवीस-तीस अंशांनी चढते. ४२ अंशांच्या दुपारी ते सत्तरला पोचते, आणि २५ अंशांवरील प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ टक्के शक्ती जाते. म्हणजे पंधरा-सोळा टक्के वीज उन्हानेच खाल्ली. छताला डिंकाने चिकटवावयाची लवचिक पॅनेले दिसावयास सुबक व वजनाला हलकी असतात, पण ती याच कारणाने लवकर थकतात. काचेचे, चौकटीचे पॅनेल जड असले तरी तेच घ्यावे.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये नियंत्रक लागतो. बाजारात त्याला चार्ज कंट्रोलर म्हणतात. तो दोन प्रकारचा मिळतो. १०० वॅटचे पॅनेल १८ व्होल्टवर साडेपाच अँपिअर देते. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत खाली ओढतो. प्रवाह तेवढाच राहतो आणि १३ व्होल्टवर हिशेब ७२ वॅटचा होतो. एमपीपीटी कंट्रोलर जादा दाबाचे जादा प्रवाहात रूपांतर करतो, आणि ९० वॅटच्या वर हाती लागतात. शंभर वॅटच्या एका पॅनेलसाठी साध्यावर भागवता येईल. आपल्या २५० वॅटसाठी एमपीपीटी, तोही ३० अँपिअरचा, घेणे योग्य ठरेल. त्याच्यावर लिहिलेली दाबाची कमाल मर्यादा मात्र वाचावी. भार नसताना अशा एका पॅनेलचा दाब २२ व्होल्ट असतो. दोन माळेत जोडली की ४४. पॅनेल थंड झाले की दाब वाढतो, आणि उणे पंधरा अंशांच्या सकाळी तो ४९ व्होल्टच्या घरात जातो. ५० व्होल्टच्या मर्यादेचा कंट्रोलर कच्छमध्ये वर्षानुवर्षे बिनतक्रार चालेल आणि लडाखच्या पहिल्याच गोठलेल्या सकाळी जळण्याच्या काठावर उभा राहील. ७५ किंवा १०० व्होल्टचा घ्यावा.

तारांच्या बाबतीत लोक सर्वांत अधिक काटकसर करतात, आणि आपल्या उदाहरणातील इन्सुलिनला सर्वांत मोठा धोका तेथूनच आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेत अर्धा व्होल्ट गळला तर कोणाला पत्ता लागत नाही. १२ व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट म्हणजे चार टक्के. फ्रिज बॅटरीपासून पाच मीटर दूर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार. ती दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची असेल तर तिचा रोध ०.११ ओहमच्या वर जातो, आणि पाच अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून अधिक गळती होते. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर प्रवाह याहून मोठा असतो. बॅटरीवर १२.२ व्होल्ट असताना फ्रिजच्या तोंडाशी साडेअकराही उरत नाहीत. फ्रिजमधील संरक्षक मंडलाला वाटते की बॅटरी संपली, आणि ते फ्रिज बंद करते. बॅटरी अर्धी भरलेली आहे आणि औषध गरम होत आहे! चार चौरस मिलिमीटरची तार घातली की ही गळती दोन-अडीच दशांश व्होल्टवर येते. शक्य झाल्यास फ्रिज बॅटरीच्या शेजारीच ठेवावा. फ्रिजची तार इतर कशातही न गुंतवता स्वतंत्र ठेवावी. म्हणजे रात्री वीज कमी पडत आहे असे दिसले तर बाकी सारे एका बटणाने बंद करून फ्रिज तेवढा चालू ठेवता येतो.

फ्यूजसंबंधी काटकसर तर जिवाशीच खेळ आहे. १२ व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असे समजतात. पण बॅटरीची दोन टोके चुकून जुळली तर क्षणार्धात शेकडो अँपिअर वाहतात, तार तापून लाल होते, आणि ट्रेलर लाकूड, फोम व कापड यांचाच तर बनलेला असतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवावा; त्याच्या अलीकडची तार कोणाच्याच पहाऱ्यात नसते. घरगुती बटणे मात्र येथे वापरू नयेत. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह दर सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो आणि बटण उघडताना उठलेली ठिणगी त्या क्षणी विझते. एकदिश प्रवाह कधीच शून्यावर येत नाही, ठिणगी ताणली जाऊन जळत राहते आणि बटण वितळते. डीसीसाठी केलेली बटणे व फ्यूज वेगळे मिळतात.

जड बॅटरी ट्रेलरच्या आसावर किंवा किंचित पुढे ठेवावी; मागच्या टोकाला ठेवली तर वेगात ट्रेलर शेपटासारखा हेलकावू लागतो. जोडणी करताना कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी आणि नंतर पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल आणि नंतर बॅटरी; कारण बॅटरीचा दाब पाहूनच कंट्रोलर आपले काम ठरवतो, आणि बॅटरीवाचून पॅनेलची वीज त्याच्यावर सोडली तर काही कंट्रोलर बिघडतात.

सर्व बसवून झाले की निघण्यापूर्वी ट्रेलर आपल्याच अंगणात दोन दिवस उभा करावा. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि एक तापमापक ठेवावा, पंखा व दिवे नेहमीप्रमाणे चालवावेत. दुसऱ्या दिवशी पॅनेलवर जाड चादर टाकावी, म्हणजे तो झाकोळलेला दिवस झाला. दोन्ही पहाटे मापकावर किती अँपिअर-तास उरले आणि तापमापक किती दाखवतो ते लिहून ठेवावे. तिसऱ्या सकाळी बॅटरीत पाचवा हिस्सा शिल्लक असेल आणि फ्रिजमधला पारा २ ते ८ अंशांच्या दरम्यान असेल, तर धोलावीऱ्याचा रस्ता धरावयास हरकत नाही. तरीही औषधाच्या पेटीत एक रुंद तोंडाचा थर्मास व बर्फाच्या दोन पिशव्या असाव्यात. बर्फ आणि कुप्या यांच्यामध्ये मात्र कापडाची घडी ठेवावी.